टेक्ससमधली मोकाट डुकरे : पहिल्या शिकारीची संध्याकाळ

पडद्यावर दिसणारे हे कुरण कोणी नांगरलेले नाही. दक्षिण टेक्ससमधल्या या जमिनीत काल डुकरांचा कळप शिरला आणि मुळे, अळ्या नि गांडुळे शोधत त्याने एका रात्रीत वीतभर खोल माती उलथून टाकली. आज मी इथे आयुष्यातल्या पहिल्या शिकारीसाठी बसणार आहे.

पिकात शिरणारे रानडुक्कर मराठी शेतकऱ्याला नवे नाही. मात्र आपल्याकडचे रानडुक्कर हे आपल्या जंगलाचे मूळ रहिवासी असून त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकेत डुक्कर माणसानेच आणले. १५३९मध्ये हेर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात डुकरे उतरवली, पुढे वसाहतकऱ्यांनी मोकळी चरायला सोडलेली कित्येक डुकरे रानातच राहिली, आणि १९३०च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी टेक्ससमध्ये आणलेली युरोपीय रानडुकरेही कुंपणाबाहेर पडून त्यांच्यात मिसळली. आज अमेरिकेत अशी ६० लाखांहून अधिक डुकरे असल्याचा अंदाज आहे. मादी सहा-आठ महिन्यांची होताच माजावर येते आणि सुमारे ११५ दिवसांत सरासरी पाच-सहा पिल्ले देते, त्यामुळे दरवर्षी जवळपास दोन-तृतीयांश डुकरे कमी केली, तरच त्यांची संख्या आहे तेवढी राहते.

खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल, तर टेक्ससमध्ये २०१९पासून या डुकरांसाठी शिकारीचा परवाना लागत नाही. नवख्या माणसाने ही मोकळीक फार जपून वापरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. याच भागात हॅवेलिना नावाचा प्राणी राहतो. लांबून तो डुकरासारखाच दिसतो, पण तो मूळचा इथला आहे आणि त्याच्या शिकारीला परवाना लागतो. म्हणून शेतमालकाने मला बंदुकीआधी दुर्बीण दिली आणि हॅवेलिनाला दिसण्याजोगे शेपूट नसते, तेव्हा शेपूट दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नकोस, असे बजावले.

डबक्याकाठचे हे मेस्कीटचे झाड आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातले आहे. डुकराला घामाने अंग थंड ठेवता येत नाही, म्हणून ते चिखलात लोळते आणि मग अंग झाडावर घासते. खोडावर माझ्या मांडीच्या उंचीपर्यंत चिखल वाळला आहे, त्यात जाड राठ केस अडकले आहेत, आणि चिखलाच्या या उंचीवरून मोठ्या नराच्या खांद्याचा अंदाज येतो.

डुकराची नजर अधू असते, पण नाक विलक्षण तिखट असते, म्हणून आम्ही वारा तोंडावर येईल अशा बाजूच्या मचाणावर बसलो. दीड तास काही हलले नाही. मग सूर्य मावळता मावळता झुडपांतून एक मादी आली, तिच्यामागून पिल्ले आणि बाकीचा कळप. मी सतरा मोजली. ती एकमेकांना खेटून उकरत होती. एकीला लागलेली गोळी आरपार जाऊन मागच्या जनावराला जखमी करू शकते, म्हणून माझे हात कापत असतानाही मी थांबलो. अखेर एक तरुण नर बाजूला सरकला. डुकराचे हृदय आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असते, हे सकाळभर घोकले होते. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या भागावर नेम धरून मी बार काढला. नर दोन पावले जाऊन कोसळला आणि कळप क्षणात झुडपांत नाहीसा झाला.

आम्ही बराच वेळ थांबून मागच्या बाजूने गेलो आणि लांब काठी डोळ्याला लावून तो मेल्याची खात्री केली. या डुकरांच्या रक्तातून माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो, म्हणून कातडे काढताना रबरी हातमोजे घातले. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजवायचे असते. तो नर अजून उबदार होता आणि त्याला हात लावताना मला वाईट वाटले, हे इथे सांगायलाच हवे.

बार ऐकलेली डुकरे सावध होतात आणि जागा बदलतात. उरलेल्या सोळांसाठी शेतमालकाने ओढ्यापलीकडे लोखंडी जाळीचा गोल सापळा उभारला, आत मका पसरला आणि खांबाला कॅमेरा बांधला. तिसऱ्या रात्री त्याच्या फोनवर चित्र आले : चार डुकरे आत, बाकीची दाराबाहेर. त्याने दार पाडले नाही, सकाळी आणखी मका टाकला.