सड्यावरचा वारा

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढात पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या सड्यावर कधी गेला आहात का? समुद्रसपाटीपासून साधारण 1,150 मीटर उंचीचं हे पठार. खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, वर ढगांची रांग, आणि मध्ये असा भणाण वारा की बोललेला शब्द तोंडापुढून उडून जातो. माझी आजी नाचणीच्या लावणीला जाताना इरलं कमरेशी दोरीनं आवळून बांधायची. कौलांवर दगड ठेवायचे आणि श्रावण कधी संपतो याची वाट पाहायची, एवढाच आमचा वाऱ्याशी संबंध.

पुढे याच वाऱ्यावर माझं घर चाललं. बारा वर्षं मी पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलं. आम्ही तिला पवनचक्की म्हणत नाही, 'मशीन' म्हणतो. पावसाळ्यात दाट धुकं उतरलं की पातं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. दर फेऱ्याला तीनदा, हुप, हुप, हुप. त्या आवाजात जरासा फरक पडला तरी खाली उभ्या असलेल्या जुन्या माणसाला कळतं की वर काहीतरी बिनसलंय.

हा वारा इथंच एवढा का, असं मला बरेच जण विचारतात. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि कडा ओलांडताना आवळला जातो. ओढ्याचं पाणी दोन दगडांच्या चिमटीत जोर धरतं, तसंच हे. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. त्यामुळे वर्षभराच्या विजेतला मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच मिळतो. खाली कोयना धरण भरत असतं त्याच दिवसांत वर मशीन जोरात असतात. वाऱ्याची वीज तेव्हा वापरावी आणि धरणातलं पाणी उन्हाळ्यासाठी राखावं, अशी ही निसर्गानंच घातलेली जोडी आहे. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या जोडीचं मोल कळतं.

डोंगराचा वारा मात्र सरळ नसतो. कड्याला लागून तो भोवरे घालतो, त्याचे हिसके गिअर बॉक्सला बसतात. आणि डोंगरावर मशीन केवढं न्यायचं, हे शेवटी घाटाचं वळण ठरवतं.

वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या भागात 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून मशीन उभी राहत गेली. त्यांतली पुष्कळशी 350 किलोवॉटची. त्या वेळी यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, म्हणून दाखवून कर वाचवता येत असे. साहजिकच मशीन उभं करण्याची घाई जास्त आणि ते किती युनिट देतं याची काळजी कमी, असं पुष्कळदा झालं. 2003 मध्ये राज्य वीज नियामक आयोगानं युनिटला 3 रुपये 50 पैसे आणि दरवर्षी 15 पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर ठरवून दिला, तेव्हा विजेच्या हिशेबालाही अर्थ आला. आज 3 मेगावॉटची मशीन बसतात. आमच्या सड्यावरच्या आठ-नऊ जुन्या मशीनचं बळ एकात. म्हणजे राज्यातल्या उत्तम वाऱ्याच्या जागा सर्वांत लहान आणि थकलेल्या मशीननी अडवल्या आहेत. जुनी काढून नवी बसवण्याचं केंद्राचं धोरण 2016 पासून आहे, 2023 मध्ये ते सुधारलंही. पण सत्तर मीटरचं एक पातं ठोसेघरच्या वळणांवरून वर चढवायचं कसं, हे कागदावर सुटत नाही. वळणं रुंद करायला डोंगर तोडायचा का?

इथं मला सड्याबद्दल बोलायलाच हवं. लोकांना वाटतं, नुसता कातळ आहे, काय बिघडतंय. या जांभ्यावर माती चार बोटं असते आणि त्याच चार बोटांत भाद्रपदात फुलं फुलतात. चाळकेवाडीच्या सड्यावर एक सरडा आहे. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी निळी, काळी, नारिंगी झालर असते. त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी आपलाच मराठी शब्द दिला, 'सरडा'. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मशीन असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. त्यामुळे सरडे वाढले, माणूस जवळ गेला तरी पळेनासे झाले, पण अंगानं रोडावले आणि त्यांचे रंगही फिके पडले. ते वाचल्यावर मी सरड्यांकडे मुद्दाम पाहू लागलो. बारा वर्षं त्यांच्याजवळून चालत होतो, आणि हे ध्यानात आलं नव्हतं.

मशीन पाऊस पळवतात, असं अजूनही काही गावांत बोललं जातं. ते खरं नाही. शेकडो किलोमीटर पसरलेल्या मोसमी वाऱ्यापुढे पात्यांची झेप कितीशी? पण ही समजूत उगवली ती रागातून, आणि तो राग खरा होता. माझ्या चुलत्यांनी दोन एकर पड एका एजंटाला एकरकमी दिली. कागद इंग्रजीत होता, त्यांनी अंगठा उठवला. त्या पैशात बहिणीचं लग्न झालं, घरावर पत्रे आले. मशीन पुढे वीस वर्षं फिरलं, आणि चुलते तिथंच राखणदार म्हणून पगारावर राहिले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नवी मशीन यावीत, जरूर यावीत. पण आठ काढून एक बसवताना रस्ते आणि पाये जुन्याच जागी असावेत, सुटलेला कातळ मोकळा ठेवावा. जिथं घाट लांब पातं घेत नाही, तिथं थोडं लहान मशीन घ्यावं. आणि जमीन विकत न घेता भाडेपट्ट्यानं घ्यावी, युनिटमागे ठरलेला वाटा गावाला मिळावा. जुनी मशीन थकलीत, तेव्हा बोलायची वेळ हीच आहे.

आमच्या गावानं हा विषय येत्या ग्रामसभेत ठेवला आहे. करारनामा सहीच्या महिनाभर आधी, मराठीत, चावडीवर वाचून दाखवावा, ही त्यातली पहिली मागणी आहे. तुमच्या गावच्या डोंगरावर मशीन येणार असतील, तर तुम्हीही हे मागा.

नमस्कार.