पुडके किती झाले?

मे महिना. गडचिरोलीच्या जंगलातून तेंदूपत्ता तोडणारी माणसं गावाकडे परततायत. पहाटे अंधारात निघाली होती. डोक्यावर पानांची गाठोडी, पाण्याच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या.

घरी आलं की बैठं काम सुरू. ७० पानं मोजायची, वाकाच्या दोरीनं बांधायची, की झालं एक पुडकं. या बाईंचे हात बघा. बोलता बोलता मोजतात आणि चुकत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात अशाच दुपारी त्या अंगणात भोवळ येऊन पडल्या. मिनिटभरात डोळे उघडले. घरच्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "किती पुडके झाले वं?" सुनेनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा, "किती पुडके झाले वं?" मग त्या वारलेल्या सासूला हाक मारू लागल्या.

उन्हात नुसती भोवळ येते तेव्हा गोष्ट साधी असते. कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्त पायांत उतरतं, घामानं पाणी कमी झालेलंच असतं. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. आडवं केलं, पाय उंच ठेवले, की माणूस एक-दोन मिनिटांत भानावर येतो आणि नीट बोलतो. पडतानाचं तेवढं आठवत नाही, इतकंच.

जो उठून बसतो पण बरळतो, तेच तेच विचारतो, घरच्यांना ओळखत नाही, त्याची गोष्ट वेगळी. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की मेंदूचं काम बिघडतं, नवं काही लक्षात राहत नाही. हा उष्माघात. अंग घामानं ओलं असलं तरीही असू शकतो. अशा वेळी तापाची गोळी चालत नाही, कारण हा तो ताप नव्हेच. पडताना डोक्याला लागलं असेल, मधुमेह्याची साखर उतरली असेल, तरी माणूस असाच गोंधळतो. म्हणून दवाखाना हवाच.

शेजारी म्हणाले, "ऊन लागलं, निजू द्या." कुणी तळपायाला चोळायला कांदा आणला. माया होती त्यात, पण वेळ जात होता. सुनेनं सासूला सावलीत ओढलं, लुगडं सैल केलं, अंगावर बादल्या ओतल्या, दिराला सुपानं वारा घालायला लावला आणि १०८ ला फोन केला. तोंडात मात्र पाणी घातलं नाही. भान नसलेल्याच्या घशातलं पाणी फुप्फुसात उतरू शकतं. गाडी येईपर्यंत अंग गार करणं तिनं थांबवलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशीचा खरा उपचार अंगणातच झाला.

जंगलातून निघाल्यापासून रात्री दवाखान्यात जाग येईपर्यंतचं त्यांना आजही काही आठवत नाही. त्या म्हणतात, "सून सांगते, मी ऐकते."

सून शेजारीच बसलीय, पाण्याचा तांब्या घेऊन. बाई मोजतायत. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. दोरी.