एसीखालची बादली

नमस्कार मंडळी.

गेल्या ऑगस्टमध्ये आई सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माणहून आमच्याकडे दुबईला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी बघते तर बाल्कनीत एसीच्या पाइपखाली बादली, रात्रभरात काठोकाठ भरलेली. आई त्यातलं पाणी तांब्यातांब्यानं तुळशीला घालत होती. मी वैतागले, "अगं, नळाला चोवीस तास पाणी आहे की!" ती काही बोलली नाही. लेकीनं मात्र विचारलं, "आई, हवेत एवढं पाणी आहे, तर पाऊस का पडत नाही?"

इतकी वर्षं मी "वाळवंट आहे म्हणून" एवढंच सांगत आले. ते काही उत्तर नव्हे. ऑगस्टात दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, आपल्या सगळ्यांच्याच. पण पावसाला नुसती वाफ पुरत नाही. हवा वर चढून गार व्हावी लागते. विषुववृत्तापाशी ती चढते, तिथंच पाणी सोडते आणि कोरडी होऊन ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना दाबली जाते, किलोमीटरमागे जवळपास १० अंश सेल्सिअसनी तापते. दुबई २५ अंश अक्षांशावर, त्याच पट्ट्यात. त्या तापलेल्या हवेचं झाकण आपल्या डोक्यावर, आणि समुद्राची वाफ त्याखाली कोंडलेली.

हे लेकीला सांगत होते, तर आई म्हणाली, "म्हंजे आमच्यासारखंच की." खरंच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माणला जेमतेम पाचशे. ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि घाट उतरणारी हवा तापत जाते. आषाढात डोक्यावरून पळणारे ढग आईनं जन्मभर बघितलेत.

लेकीनं पाहिलेला पाऊस म्हणजे १६ एप्रिल २०२४ चा. अल ऐनजवळ एका दिवसात २५४.८ मिलिमीटर, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. शाळा बंद, रस्त्यात गाड्या बुडालेल्या. ओली दप्तरं, एसटीच्या गळक्या खिडक्या, चुलीपाशी वाळत घातलेले गणवेश यातलं तिच्याकडे काहीच नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मंडळी, रागावू नका, पण मागच्या मेळाव्यानंतर अर्ध्या पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या मी गोळा केल्या. दोन पोती भरली. आपल्यातले कितीतरी जण टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभे राहिलेले आहेत. इथलं नळाचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, त्यापायी केवढं इंधन जळतं. ते चोवीस तास येतं म्हणून आपण रांग विसरायची? मीही विसरलेच होते, म्हणून तर आईवर वैतागले.

आई परत गेली. आता बादली लेक लावते, संध्याकाळी तुळशीला पाणी घालते. परवा आज्जीशी फोनवर बोलून झाल्यावर माझ्यापाशी आली. गावी पुन्हा टँकर सुरू झालाय, हे तिनं ऐकलं होतं.

"आई, आज्जीकडे तर एसी नाही. मग ती बादली कशाखाली ठेवते?"