उजनीचा गळ, मालवणची सुरमई

(दृश्य: उजनीचा काठ, पहाट. चार गळ, चार माणसं.)

सोलापूरकडचा गळवाला आधी बसायला शिकतो, मग मासे धरायला. कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ, पाण्यावर बुचाचा तुकडा, आणि तोंड बंद. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. रोहू, कटला, मरळ आणि सगळ्यात जास्त चिलापी. या चौघांचा प्रत्येक रविवार इथंच जातो.

यातला एक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा. माग चालू असताना ताण्याच्या उभ्या धाग्यांना बोट लावून तो सांगतो, कुठं सैल आहे, कुठं तुटणार. दुसरा त्याचा मेहुणा, रिक्षा चालवतो. उरलेले दोघं मुख्यतः टिंगल करायला येतात. पावसाळा सरल्यावर यांच्या डोक्यात सुरमई शिरली. तीही ताटातली नाही, गळाला लागलेली.

(दृश्य: रात्रीचा रस्ता.)

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, फोंडा घाट. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. घाट उतरताना मेहुण्याला गाडी लागली. ते चित्रीकरण आम्ही गाळलं आहे.

(दृश्य: मालवणचा किनारा, अंधार.)

भाडं होडीचं असतं, माशाचं नाही. सुरमई लागो न लागो, ठरलेले पैसे द्यायचे. तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, हे आधीच सांगितलं आणि चौघांना लाईफ जॅकेट घालायला लावलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की कोळीवाड्यातलं वर्ष पुन्हा सुरू होतं. आता मतलई वारा आहे, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. पाणी शांत. सिंधुदुर्ग किल्ला मागं पडला.

जॉबरनं सवयीनं विचारलं, "होडी कुठं थांबवायची?"

तांडेल हसला. होडी थांबतच नाही. मागं दोन दोऱ्या सोडायच्या, एक जवळ, एक लांब. गळाला अख्खा बांगडा. ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं होडी चालत राहते आणि बांगडा मागं जिवंत असल्यासारखा पोहतो. कारण सुरमईही थांबत नाही. रोहूच्या पोटात हवेची पिशवी असते, म्हणून तो पाण्यात एका जागी तरंगू शकतो. सुरमईला ती नसते. पोहणं थांबवलं की ती खाली जायला लागते. अशा माशाची काठावर बसून वाट बघून काय उपयोग?

लांबवर सुरय पक्षी पाण्यात सूर मारत होते. खाली तारलीचा थवा असणार. तांडेलानं होडी थव्यात घातली नाही, कडेकडेनं फिरवली. मधून गेलं की थवा फुटतो.

एक हिसका बसला. मग काहीच नाही. दोरी ओढून घेतली तर बांगड्याचं नुसतं डोकं वर आलं. मागचा सगळा भाग गायब, आणि काप एकदम सरळ.

जॉबर ते डोकं हातात फिरवून बघत म्हणाला, "कातरीनं कापल्यागत हाय की बे!"

(दृश्य: जवळून, गळ बांधणारे हात.)

सुरमई सावज शेपटाकडून तोडते. म्हणून तांडेलानं दुसरा गळ बांधला, तिकाटी, म्हणजे तीन आकड्यांचा, बांगड्याच्या शेपटाजवळ. दोन्ही गळांच्या मध्ये पोलादी तार. साधी नायलॉनची दोरी त्या दातांपुढं टिकत नाही.

रीळ जॉबरच्या हातात होतं. दोरी किती सैल सुटावी हे ठरवणारी एक चकती त्यावर असते. दोरी तुटायला जेवढा जोर लागतो, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यालाच दोरी सुटायला लागली पाहिजे. यानं दोरीला बोट लावलं, चकती थोडी फिरवली, परत बोट लावलं. तांडेलानं एकदा ओढून बघितलं आणि काही बोलला नाही. दिवसभरात त्यानं न बोलता दिलेली पावती ही एवढीच.

दहाच्या सुमाराला रीळ किंचाळलं.

"पळांदे तेका!" तांडेल ओरडला.

मेहुणा "ओढ, ओढ" करत होता. जॉबरनं ओढलं नाही. दोरी सुटत गेली, रिळावर निम्मीच राहिली. सुरमईचा पहिला पळ हा असा. त्यात जोर केला की तोंड फाटून गळ निसटतो. मग वेग ओसरला आणि एकेक वेढा परत भरायला लागला. दोरी पकडताना बोटाला चीर पडली, ती त्याला नंतर कळली.

(दृश्य: होडीत सुरमई.)

चंदेरी अंग, त्यावर उभे, नागमोडी पट्टे. अंगावरची बारीक रेघ पाठीवरच्या दुसऱ्या परापर्यंत सरळ येते आणि तो पर संपतो तिथं एकदम खाली वळते.

फोटो नंतर. आधी रक्त काढलं, मग बर्फ, तोही पोटात भरून. बांगडा-सुरमईच्या कुळातला मासा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. पुढं सोलापूरपर्यंतचा रस्ता होता. खोक्यात दोनदा बर्फ बदलला, एकदा कोल्हापुरात, एकदा सांगोल्यात.

(दृश्य: सोलापूर, जॉबरचं घर, रात्र.)

आईनं तुकड्यांना काळा मसाला लावला, तव्यावर टाकले. जन्मभर चिलापी निवडून खाल्लेली बाई. पहिला घास बोटांनी चाचपत राहिली.

"ह्यात काटे कुठं हायेत रे?"

"मधला एक हाय की."

"मग पोरांना दे आधी," म्हणाली, आणि दुसरा तुकडा तव्यावर उलटला.