ठरवून घेतलेली सुट्टी

[टेबलावर तीन कॅप्सूल. बाजूला रक्तदाब मोजायचं यंत्र.]

दहाच्या दोन, चारची एक. मिळून २४ मिलिग्रॅम लेनव्हॅटिनिब, रोज एकदा. थायरॉईडचा कर्करोग पसरलाय आणि रेडिओआयोडीनला दाद देत नाही, अशा रुग्णाची सुरुवात पुष्कळदा इथून होते.

खरं तर रेडिओआयोडीन हा या आजारातला हुकमी एक्का. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन नेमकं त्यांच्यापर्यंत पोचतं. पण काही गाठी ही सवयच सोडून देतात. मग गाठीची रसद तोडायची. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून ती जे निरोप धाडते, ते हे औषध अडवतं.

२०१५ साली ‘सिलेक्ट’ चाचणीचे निकाल छापून आले. आजार न वाढता गेलेला काळ, औषधाविना नुसत्या गोळीवर ३.६ महिने, लेनव्हॅटिनिबवर १८.३. त्याच निकालांतला दुसरा आकडा कमी सांगितला जातो. ८२ टक्के रुग्णांना औषध मध्येच कधी ना कधी थांबवावं लागलं होतं.

[हातात वही. रक्तदाबाच्या नोंदी.]

रक्तदाब चढतो. लघवीतून प्रथिनं जातात. जुलाब, तोंडाला चव नाही, वजन उतरत जातं. तळपाय इतके हुळहुळतात की पाऊल टेकवत नाही. आणि थकवा असा, की झोपून उठलं तरी तो जागचा हलत नाही.

मग सुरुवातच कमी डोसने का करू नये? तेही करून पाहिलं. २४ आठवड्यांत गाठी आक्रसण्याचं प्रमाण १८ मिलिग्रॅमच्या गटात ४० टक्के, २४ च्या गटात ५७. त्रासात मात्र फारसा फरक नाही. म्हणजे सौदा तोट्याचाच.

उरते सुट्टी, म्हणजे काही दिवस औषध बंद. तीही दोन तऱ्हेची. एक ओढवलेली: अंथरूण धरल्यावर, नाइलाजाने, आणि मग लांबतच जाणारी. दुसरी ठरवलेली: त्रास डोक्यावरून जायच्या आत, मोजक्या दिवसांची. या दुसऱ्या तऱ्हेचा अनुभव जपानी डॉक्टरांनी नोंदवलाय. रक्तातलं औषध साधारण २८ तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे दोन-चार दिवसांतही शरीराला उसंत मिळते. फार लांबवली तर उसंत गाठीलाही मिळते. ‘सिलेक्ट’च्या आकड्यांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा एकूण उपचारकाळाच्या १० टक्क्यांहून कमी खंड पडलेल्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिलेला दिसला.

अर्थात, जे मुळात जास्त खंगलेले होते त्यांचाच खंड मोठा पडला असेल, ही शंका रास्त आहे. जपानातल्या नोंदीही मागे वळून पाहिलेल्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीचं वजन त्यांना नाही. शिवाय औषध थांबताच आजार उसळल्याची उदाहरणं आहेत. फुप्फुसातल्या गाठींनी आधीच धाप लागत असेल, तर दोन दिवसांची सुट्टीही डॉक्टर दहादा विचार करून देतात.

[वहीचं पुढचं पान. दोन तारखांभोवती पेन्सिलीने गोल.]