घडीच्या घराची डागडुजी

नमस्कार मंडळी.

मे महिना उजाडला की आमच्या मिशिगनमध्ये गल्लीगल्लीत एक दृश्य दिसतं. हिवाळाभर ताडपत्रीखाली निजलेली एक चपटी पेटी ड्राइव्हवेवर बाहेर येते. कोणीतरी तिच्या पुढच्या बाजूला हँडल घालून गरागरा फिरवतं, छप्पर कुरकुरत वर चढतं, दोन्ही टोकांचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढले जातात, कापड ताणलं जातं आणि पेटीचं घर होतं. याला इथे पॉप-अप कॅम्पर म्हणतात, सीमेपलीकडे कॅनडात टेंट ट्रेलर. चाकांवरचा तंबू म्हणा ना.

आमचा पॉप-अप 1998 सालचा. सहा वर्षांपूर्वी जुना म्हणून 1700 डॉलरला घेतला. घरी आणला त्या रात्री जेवताना चर्चा कशाची? मला नवे पडदे हवे होते, नवऱ्याला छपरावर सौर पॅनेल, मुलांना दिव्यांच्या रंगीत माळा. त्यातलं थोडंफार पुढे झालंही. पण आज तुमच्याशी बोलायचंय ते ह्या खर्चाच्या क्रमाबद्दल, कारण आम्ही तो उलटा लावला आणि पस्तावलो.

माझे आजोबा देवरुखजवळच्या आमच्या घराची कौलं दर मे महिन्यात परतून घ्यायचे. भिंतींना रंग मिळो न मिळो, शाकारणी चुकायची नाही. हे सगळं माहीत असूनही मी आधी पडदेच शिवले! दुसऱ्याच सहलीला, लडिंग्टनच्या स्टेट पार्कमध्ये, रात्रभर पाऊस लागला आणि सकाळी एका कोपऱ्यात माझ्या नव्या पडद्यावर चहासारखा डाग.

पॉप-अपमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा कापडातून नाही. छपराच्या कडेला जी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या स्क्रूच्या भोकांतून आणि पट्टीखालच्या वाळलेल्या लांबीतून, म्हणजे फटी बुजवायच्या पुटीतून, ते आत येतं. आत प्लायवूड असतं. ते वर्षानुवर्षं गुपचूप भिजत राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जुना कॅम्पर बघायला गेलात तर गाद्या उचला, कोपरे आणि जमीन अंगठ्याने दाबून बघा. बिस्किटासारखं दबलं, तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून परत या.

आता माझी चूक सांगते. गळती दिसल्यावर मी बाथरूमला लावतात ते सिलिकॉन आणलं आणि पट्टीवर वरून फासलं. वर्षभरात ते कडेने सुटलं, पाणी पुन्हा आत. शिवाय सिलिकॉन एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काहीही धड चिकटत नाही, त्यामुळे ते खरवडून काढण्यात माझे दोन शनिवार गेले. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, पण स्वस्त. पट्टीचे स्क्रू काढायचे, पट्टी सोडवायची, जुनी लांबी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची, स्पिरिटने पुसून घ्यायचं, मग ब्यूटिल टेप लावून पट्टी पुन्हा बसवायची. हा टेप काळपट, च्युइंग गमसारखा असतो. स्क्रू आवळले की तो भोकांत दाबला जातो आणि वर्षानुवर्षं मऊ राहतो. बाहेर आलेला भाग दोन दिवसांनी कापून टाकायचा. आमचा सगळा खर्च 30 डॉलरच्या आत बसला. कॅम्परवर मी केलेल्या कामांत ह्याच्याइतकं मोलाचं दुसरं नाही, आणि कोणाला दाखवावं असं त्यात काहीच नाही.

पाण्यानंतर चाकं. पॉप-अपची चाकं लहान असतात, म्हणजे हायवेवर ती आपल्या गाडीच्या चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरतात, आणि वर्षातले दहा महिने एका जागी उभी असतात. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, आतलं रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. 1409 असेल तर टायर 2009 सालच्या चौदाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटली की मी तो बदलते, नक्षी कितीही छान असो. बेअरिंगला दरवर्षी नवं ग्रीस. हे काम हाताने शिकण्यासारखं आहे, एक दुपार आणि एक ग्रीसचा डबा एवढंच लागतं. आणि प्रवासात पहिल्या थांब्यावर उतरल्या उतरल्या चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्यायचा. कोमट असेल तर ठीक. जवळ नेताच चटका जाणवला, तर पुढे जायचं नाही. आम्हाला हे उत्तरेकडे जाणाऱ्या हायवेवर, एका विश्रांतिस्थळी, दोन रडणाऱ्या मुलांसह शिकायला मिळालं.

तिसरी गोष्ट छपराची. ते छप्पर पोलादी तारांवर आणि एका विंचवर, म्हणजे हँडलने तार गुंडाळणाऱ्या यंत्रावर, उभं असतं. तार तुटली तर शंभर-दोनशे पौंडांचं छप्पर खाली येतं, आणि खाली आपण पोहे खात बसलेले असतो. यावर एक अगदी स्वस्त उपाय आहे. पीव्हीसीचा पाइप घ्या, छप्पर पूर्ण वर असताना कोपऱ्यातल्या खांबाचा उघडा भाग जेवढा असतो तेवढ्या लांबीचे चार तुकडे कापा आणि प्रत्येकाला उभी चीर द्या. छप्पर वर गेलं की ते खांबांभोवती चढवायचे. तार तुटलीच, तर छप्पर पाइपवर टेकतं. फक्त खाली करताना ते काढायला विसरू नका, नाहीतर हँडल फिरत नाही म्हणून जोर लावाल आणि खरोखरच तार तोडाल.

एवढं झालं की मग हौस. हौसेच्या कामांत माझा पहिला नंबर आहे चकाकत्या चादरींचा. मिशिगन पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्यात अगदी पश्चिम टोकाला आहे. त्यामुळे जूनअखेरीला लडिंग्टनला सूर्य साडेनऊला मावळतो, पलंगांवरच्या कापडातून दहापर्यंत उजेड झिरपतो आणि पोरं झोपायचं नाव घेत नाहीत. दुपारी तेच कापड तापून आत भट्टी होते. गिर्यारोहक संकटात अंगावर घेतात त्या पातळ चंदेरी चादरी तीन-चार डॉलरला एक मिळतात. दोन-दोन जोडून पलंगांच्या वरून टाकायच्या आणि चिमट्यांनी पक्क्या करायच्या. आत अंधार होतो आणि उकाडा निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. वारा सुटला की त्या फडफडतात खऱ्या; मी कडांना जाड टेप लावून त्याला भोकं पाडली आणि रबरी दोऱ्यांनी बांधल्या.

थंडीचं गणित वेगळं. पॉप-अपचा पलंग हवेत अधांतरी असतो, त्यामुळे सप्टेंबरात थंडी खालून येते. पांघरुणं कितीही घ्या, पाठ गारच. गादीखाली चंदेरी बुडबुड्यांचं इन्सुलेशन पसरलं की फरक पहिल्याच रात्री कळतो. त्याच्यावर आम्ही आईने भारतातून आणलेली गोधडी टाकतो. तिच्यासाठी आईने बॅगेतलं लोणचं काढून ठेवलं होतं, हे जाता जाता सांगून ठेवते.

दिव्यांबद्दल मात्र माझा आग्रह आहे, कारण तिथे हिशेब साफ आहे. जुन्या पॉप-अपमधला पिवळा बल्ब साधारण दीड अँपिअर खातो. चार दिवे पाच तास लावले की 30 अँपिअर-तास संपले. बॅटरी असते 80 च्या आसपास, आणि शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात 40. तेच दिवे एलईडीचे केले तर पाच तासांना चार-पाच अँपिअर-तास पुरतात. खर्च 20-25 डॉलर, वेळ दहा मिनिटं. त्यानंतर नवऱ्याचं सौर पॅनेल आपोआप मागे पडलं, कारण शनिवार-रविवारला त्याची गरजच उरली नाही. ते अजून गराजमध्ये आहे.

जमिनीवर नवी फरशी चिकटवायची असेल तर थोडं थांबा. चिकट पाठीच्या विनाइलच्या फरश्या घरात चांगल्या; उणे वीस अंशात हिवाळा काढणाऱ्या ट्रेलरमध्ये त्या आक्रसतात, कडा उचलतात. मी दुकानातून उरलेला विनाइलचा एक मोठा तुकडा आणला, कापून नुसता अंथरला, न चिकटवता. वर सतरंजी. कपाटं रंगवताना आधी घट्ट धरणारा प्राइमर लावा, कारण ते लाकूड नसतं, लाकडाचं चित्र छापलेला कागद असतो. जोरात घासलात तर चित्रच निघून येतं. पडदे, उश्या, हुक हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि आम्ही मिशिगनवाले ह्यात थोडे नशीबवान. सीमेपलीकडे इंडियानात एल्कहार्ट आहे, जिथे आणि जिच्या आसपास कॅम्परचे कारखानेच कारखाने आहेत. त्यांचा उरलासुरला माल विकणारी दुकानं तिकडे आहेत. दिवे, कड्या, नळ कमी पैशांत मिळतात, मात्र जाताना यादी घेऊन जा, नाहीतर जुन्या बाजारात भांडी घ्यायला गेल्यासारखं होतं.

आणखी एक, वजन. पॉप-अपचं सगळं सुख तो हलका असण्यात आहे. आमची मिनीव्हॅन 3500 पौंड ओढते, आणि त्यात माणसं, सामान सगळं धरायचं असतं. लाकडी फळी, एसी, दुसरी बॅटरी असं करत करत दोनशे पौंड कधी चढतात कळत नाही. एक गॅलन पाणी म्हणजेच आठ पौंडांहून जास्त, म्हणून टाकी भरून हायवेवर जाऊ नये, पोचल्यावर भरावी. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागी, येणारा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा. कमी झाला की ट्रेलर मागे शेपटासारखा हलायला लागतो. छोट्या पॉप-अपला तो भार बाथरूमच्या वजनकाट्यावरही मोजता येतो, आधी काट्याची मर्यादा बघून.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर बऱ्याच पॉप-अपची शेगडी काढून बाहेरच्या बाजूला अडकवता येते. तसंच करा. आत एकदा लसणाची फोडणी दिलीत की कापड ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विसरत नाही. अस्वलांच्या प्रदेशात तर हा चेष्टेचा विषय नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज इथल्या कॅम्पग्राउंडला फक्त कडक भिंतींचे कॅम्पर चालतात. तंबू आणि आपले पॉप-अप नाहीत. बुकिंगआधी हे बघा. आणि गॅसची नळी दर मोसमाच्या सुरुवातीला साबणाच्या पाण्याने तपासा, बुडबुडे आले तर गळती. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणाऱ्या यंत्राच्या पाठीवर मुदतीची तारीख छापलेली असते, तीही वाचा. थंडी वाजते म्हणून आत शेगडी पेटवून झोपू नका, कधीच नाही.

राहता राहिला परतीचा रविवार. पाऊस थांबत नाही, निघायचं तर आहेच, कॅम्पर ओला मिटावा लागतो. त्याला इलाज नाही. पण घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या, तो पुन्हा उघडा, नाहीतर कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते धुऊन जात नाहीत. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर हा कार्यक्रम असतो. हँडल, छप्पर, पलंग, चार पाइप. शेजारचे आजोबा रस्त्यापलीकडून विचारतात, आत्ताच आलात ना, पुन्हा निघालात की काय? मी सांगते, नाही हो, कपडे वाळत घातलेत.

येते, मंडळी. नमस्कार.