बॅजिओला जागा नव्हती

मित्रहो, आज बोलायचंय ते फुटबॉलबद्दल: प्रशिक्षकाने खेळाची शैली आधी ठरवायची, की हातातल्या माणसांकडे बघून? सुरुवात एका न झालेल्या करारापासून करतो. साल १९९७. इटलीतल्या पार्मा क्लबचे प्रशिक्षक होते कार्लो अँचेलोत्ती. वय अडतीस. वरच्या श्रेणीत प्रशिक्षक म्हणून त्यांचा पहिलाच मोसम नुकता संपलेला आणि त्यात संघ दुसरा आलेला. रोबेर्तो बॅजिओ पार्मात यायला तयार होता. बॅजिओ म्हणजे इटलीचा तेव्हाचा सगळ्यात लाडका खेळाडू. स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे असणाऱ्याच्या, किंचित मागे, मोकळ्या जागेत फिरणारा, ज्याला आपण 'दहा नंबर' म्हणतो तो. अँचेलोत्तींनी नको म्हटलं. का, तर आमचा संघ ४-४-२ खेळतो, म्हणजे चार जण बचावात, चार मधल्या फळीत, दोन पुढे, आणि ४-४-२ मध्ये दहा नंबरला खुर्ची नाही. बॅजिओ बोलोन्याला गेला आणि त्या मोसमात त्याने लीगमध्ये २२ गोल केले.

अँचेलोत्तींच्या हातून हे आधीही एकदा घडलं होतं. जियानफ्रांको झोला हा तसाच खेळाडू. त्याला त्यांनी डाव्या कडेला ढकललं आणि तो १९९६ मध्येच इंग्लंडच्या चेल्सी क्लबला निघून गेला. पण माणूस आडमुठा नव्हता. ते अरिगो साक्कींचे शिष्य. साक्कींच्या मिलानमध्ये स्वतः मधल्या फळीत खेळलेले. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकणारा तो संघ. त्या खेळाचं मर्म असं, की मागची फळी आणि पुढची फळी यांच्यातलं अंतर वाढू द्यायचं नाही, आणि चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून सरकायचं. एक जण जरी उभा राहिला तरी जाळ्याला भोक पडतं. बॅजिओ म्हणजे ते भोक, असा शिष्याचा हिशेब. पण गुरूचं गणित गुरूच्या माणसांवर सुटलेलं होतं! रेषा पुढे ओढायला बारेसी, मैदानभर धावायला खुलित आणि रायकार्ड. पार्माच्या हातात आयतं काय येत होतं, याकडे अँचेलोत्तींचं लक्षच गेलं नाही. पुढे ही चूक त्यांनी उघडपणे कबूल केली.

याच बॅजिओमुळे पुढे काय घडलं ते ऐका. २००० मध्ये तो ब्रेशा नावाच्या छोट्या क्लबात गेला. प्रशिक्षक कार्लो मात्सोने. जानेवारी २००१ मध्ये त्यांच्याकडे इंटरकडून उसना आला आंद्रेया पिर्लो, वय एकवीस. तोही दहा नंबर. आता एका म्यानात दोन तलवारी. बॅजिओला हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून मात्सोनेंनी पिर्लोला उचलून पार मागे, बचावफळीच्या पुढ्यात आणून ठेवलं. पुढे खेळताना त्याच्या पाठीवर सतत कुणीतरी बसलेलं असायचं, आणि पळून सुटावं इतके त्याचे पाय चपळ नव्हते. मागे आल्यावर पाठ मोकळी झाली, सगळं मैदान डोळ्यांसमोर आलं, आणि चेंडू चाळीस मीटर लांब अचूक टाकायची त्याची हातोटी एकदम कामाला आली. त्याच वर्षी तो मिलानला गेला. नोव्हेंबरमध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आले अँचेलोत्ती. २००३ चा चॅम्पियन्स लीग मिलानने जिंकला तेव्हा पिर्लो मागे, त्याच्या बाजूला सीडॉर्फ, पुढे रुई कोस्टा. एका दहा नंबरला ज्याच्याकडे खुर्ची नव्हती, तोच गृहस्थ आता चेंडू खेळवणाऱ्यांची पंगत बसवत होता.

दुसऱ्याची चूक मी एवढ्या चवीने सांगतोय, कारण फार छोट्या मैदानावर ती मीही केली आहे.

एका कॉलेजच्या संघाला मी शिकवत होतो. काळ प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलांच्या बार्सिलोनाचा, मागून छोटे पास देत खेळणाऱ्या संघाचा. आम्हा सगळ्यांनाच ताप चढला होता. मी फर्मान काढलं: गोलकीपरने चेंडू लांब मारायचा नाही. मागूनच पास देत बाहेर पडायचं. आमचा डावीकडचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, उंच, हेडिंगला वाघ, पण डावा पाय फक्त तोल सांभाळायला. आता नीट डोळ्यांसमोर आणा. कीपर चेंडू सरपटत त्याच्याकडे देतो. तो चेंडू उजव्या पायावर घेणार, म्हणजे त्याचं अंग आपोआप आत, मैदानाच्या मध्याकडे वळणार. समोरचा फॉरवर्ड नेमका तिथेच उभा. बाहेर फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, मोकळा आहे, हात वर करून ओरडतोय, पण तिकडे द्यायला डावा पाय हवा. उरतो एकच पास, परत कीपरकडे, आणि एव्हाना दुसरा फॉरवर्ड कीपरच्या अंगावर धावून आलेला. दोन सामन्यांत आम्ही असे तीन गोल खाल्ले. तिसऱ्या सामन्यात तर समोरच्यांनी त्या पोराला मुद्दाम मोकळं सोडलं. म्हणजे तुम्ही यालाच पास द्या, आम्ही वाट बघतो!

मी पोरांवर चिडलो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या दिवशी रेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला लागू होती. शेवटी मध्यंतरात कीपरच म्हणाला, "सर, लांब मारू का?" आमच्याकडे उंच पोरं चार होती. कॉर्नर आणि लांब थ्रो यांवर आम्ही कुणालाही त्रास देऊ शकलो असतो. तो सराव मी एक दिवसही घेतला नव्हता.

ग्वार्दिओलांनी स्वतः काय केलं? २०१६ मध्ये ते मँचेस्टर सिटीत आले, इंग्लंडचा गोलकीपर जो हार्ट याला बाजूला केलं आणि पायाने चांगला म्हणून क्लॉडिओ ब्राव्होला आणलं. तो मोसम ब्राव्होला जड गेला, सिटीला एकही करंडक मिळाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात एडरसन आला आणि वॉकर, मेंडी, डॅनिलो असे तीन फुलबॅकही आले. २०१७-१८ मध्ये सिटीचे गुण १००. म्हणजे शैली आधी ठरवायची आणि तिच्या मापाची माणसं आणायची, हा मार्ग आहे आणि तो खोटा नाही. फक्त त्याला तिजोरी लागते, आणि एक वाया गेलेलं वर्ष पोटात घालणारे मालक लागतात.

तिजोरी आखूड असली की काय होतं ते इंग्लंडच्याच बर्नली क्लबात दिसलं. प्रशिक्षक व्हिन्सेंट कोम्पनी, म्हणजे ग्वार्दिओलांच्याच सिटीचे एकेकाळचे कर्णधार. २०२२-२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत मागून पास देत खेळून १०१ गुण, पहिला क्रमांक. वरच्या श्रेणीत तोच खेळ, आणि गुण २४. खाली चेंडू थांबवून मान वर करायला जो अर्धा सेकंद मिळायचा, तो वर मिळेना. फुटबॉलमध्ये श्रेणी बदलते म्हणजे मुख्यतः हा अर्धा सेकंद जातो.

आता लेस्टर, तोही इंग्लंडचाच क्लब. २०१५-१६ चं विजेतेपद म्हणजे परीकथा, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. परीकथा म्हटलं की क्लॉडिओ रानिएरींच्या सुतारकामाचं श्रेय जातं. त्यांच्याकडे काय होतं ते बघा. मॉर्गन आणि हूथ हे दोन सेंटर-बॅक, म्हणजे स्टॉपर: हवेत राजे, टक्करीला दगड, पण पाठीमागे मोकळी जागा सोडून धावायला लावलं तर पंचाईत. मग त्यांना पुढे आणायचंच नाही, पेनल्टी बॉक्सच्या आसपास ठेवायचं. सप्टेंबरात आर्सेनलने ५-२ ने हरवल्यावर रानिएरींनी पुढे धावणारे फुलबॅक बाकावर बसवले आणि सिम्पसन-फुक्स ही घरात राहणारी जोडी मैदानात उतरवली. फळी आणखी अरुंद झाली. चेंडू समोरच्यांकडे असू दे. ताब्याच्या बाबतीत लेस्टर लीगमधल्या तळाच्या संघांत होतं.

पण इतकं मागे बसलं की चेंडू मिळाल्यावर पुढचं गोल साठ-सत्तर मीटर लांब राहतं. तिथे स्ट्रायकर व्हार्डी. समोरचे पुढे सरकलेले, त्यांच्या पाठीमागे कुरण मोकळं, आणि हा सुसाट. मधल्या फळीतल्या ड्रिंकवॉटरचं काम एकच, मान वर न करता त्या कुरणात चेंडू टाकायचा. उजवीकडे महरेझ, एकटाच दोघांना फिरवणारा. व्हार्डीचे २४ गोल, महरेझचे १७. हाच व्हार्डी दिवसभर चेंडू फिरवणाऱ्या संघात ठेवला असता तर? समोरचे सगळे आपल्या बॉक्समध्ये गर्दी करून बसले असते आणि त्याला धावायला अंगणसुद्धा उरलं नसतं.

आणि मध्ये कांते. चौघांच्या मधल्या फळीत खरं तर माणूस कमी पडायचा. तो कांतेने भरून काढला, दोघांचं काम एकट्याने करून. हे मी अलंकारिक बोलत नाही. तो चेल्सीला गेला, पुढच्या वर्षी तीच रचना, बरीचशी तीच माणसं, आणि लेस्टर बारावं. फेब्रुवारीत रानिएरींची नोकरी गेली. एक टाका उसवला आणि अख्खं कापड गेलं.

कांते गेला तो चेल्सीत, आणि तिथे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सापडतं. सप्टेंबर २०१६. आर्सेनलविरुद्ध मध्यंतरालाच ०-३. प्रशिक्षक अँटोनिओ काँटे यांनी उत्तरार्धात रचना मोडून ३-४-३ केली. सामना गेलाच, पण त्यानंतर लीगमध्ये सलग १३ विजय आणि ९३ गुणांनी विजेतेपद. काय बदललं? डेव्हिड लुईझ धाडसाने पुढे यायचा आणि मागे खिंडार पडायचं. आता त्याच्या दोन्ही अंगांना माणूस होता. पुढे खेळणाऱ्या हॅझार्डला मागे धावायचं ओझं उरलं नाही. आणि उजव्या कडेला व्हिक्टर मोझेस, जो लागोपाठ तीन मोसम तीन क्लबांकडे उसना पाठवलेला, कुणालाच नको असलेला. त्याला छाती होती आणि वेग होता. विंगबॅकला, म्हणजे कडेची सगळी लांबी एकट्याने सांभाळणाऱ्याला, तेच लागतं.

मग ३-४-३ हे औषध का? नाही. रुबेन आमोरिम यांनी लिस्बनच्या स्पोर्टिंगला २०२१ आणि २०२४ मध्ये याच आकृतीवर पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले, तीच आकृती घेऊन. मोसम मध्यावर, सरावाला आठवडे नाहीत. हे त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. पण संघात फुलबॅक होते, विंगर होते, कडेची सगळी लांबी एकट्याने सांभाळणारे मात्र जवळजवळ नव्हते. मधल्या दोघांना जितकं मैदान झाकायचं होतं तितके पाय त्यांच्याकडे नव्हते. युनायटेड ४२ गुणांवर पंधरावं. आकडे तेच, ३-४-३. काँटेंनी ते हातातल्या माणसांकडे बघून काढले होते, आमोरिम यांनी ते सामानात बांधून आणले होते.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला: मग खेळाडू नवीन काही शिकतच नाहीत का? प्रशिक्षक कशासाठी असतो?)

शिकतात की. पिर्लो शिकला, मोझेस शिकला. फिलिप लाम जगातला उत्तम फुलबॅक होता, ग्वार्दिओलांनी जर्मनीच्या बायर्न क्लबात त्याला मधल्या फळीत खेळवलं आणि तो तिथेही मुरल्यासारखा खेळला. कुठे उभं राहायचं, केव्हा धावून जायचं, हे काही आठवड्यांत येतं. दबावाखाली चेंडू घ्यायची सवय वर्षांत येते, लहानपणी लागली तर बरं. वेग तर येतच नाही, वयानुसार जातो. प्रशिक्षकाने यातलं काय मागायचं आणि किती दिवसांत, इथेच सगळी अक्कल लागते. माझ्या स्टॉपरला मी दोन आठवड्यांत डावा पाय मागत होतो.

शैलीवर निष्ठा असावी, ती सोडणारा कच्चा, असंही तुमच्यातले काही म्हणतील. त्यांच्यासाठी लंडनचा टॉटनहॅम क्लब. त्यांचे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू बचावफळी जवळजवळ मधल्या रेषेपर्यंत चढवत. ते जमायचं मिकी व्हॅन डे व्हेनच्या वेगावर; मागे टाकलेला चेंडू तो धावत जाऊन परत आणायचा. ६ नोव्हेंबर २०२३ ला चेल्सीविरुद्ध तो मध्यंतराआधीच लंगडत बाहेर गेला आणि दोघांना लाल कार्ड मिळालं. नऊ जण उरले, तरी फळी तिथेच, मधल्या रेषेवर. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. निकाल १-४. टाळ्या मीही वाजवल्या होत्या, नाही म्हणत नाही.

पुढच्या मोसमात, २१ मे २०२५ ला, बिल्बाओत युरोपा लीगचा अंतिम सामना. एका बाजूला आमोरिम यांचं युनायटेड, दुसऱ्या बाजूला टॉटनहॅम, लीगमध्ये थेट सतरावं. टॉटनहॅमने ब्रेनन जॉन्सनच्या एका गोलवर आघाडी घेतली आणि मग ते चक्क मागे बसले. चेंडू बहुतेक वेळ युनायटेडकडे. उत्तरार्धात होयलुंडचं हेडर रिकाम्या गोलमध्ये शिरत होतं, ते कुणी काढलं? व्हॅन डे व्हेनने, हवेत उलटं होऊन, गोलरेषेवरून. मधल्या रेषेवर उभा राहणारा गडी! क्लबला १७ वर्षांनी करंडक मिळाला. सोळा दिवसांनी पोस्टेकोग्लूंना नारळ मिळाला, पण तो लीगमधल्या सतराव्या क्रमांकाचा हिशेब.

अँचेलोत्तींकडे परत येतो आणि थांबतो. २०२३ मध्ये ते रेआल माद्रिदला होते. बेन्झेमा अचानक सौदीला गेला आणि त्याच्या तोडीचा स्ट्रायकर आलाच नाही. आला तो ज्यूड बेलिंगहॅम, मधल्या फळीचा. अँचेलोत्तींनी चौघांची मधली फळी समभुज चौकोनात लावली, बेलिंगहॅमला पुढच्या टोकावर ठेवलं, व्हिनिसियस आणि रॉड्रिगोला त्याच्या पुढे दोन कडांना फाकवलं. मध्ये जी जागा मोकळी राहिली तिच्यात बेलिंगहॅम मागून घुसायचा. लीगमध्ये १९ गोल, संघाला लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही. दहा नंबरला खुर्ची नाही म्हणणारा माणूस सव्वीस वर्षांनी दहा नंबरसाठी अख्खं घर नव्याने मांडत होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात टोनी क्रोस निवृत्त झाला आणि किलियन एम्बापे आला. एम्बापे आणि व्हिनिसियस दोघांनाही डावी बाजू आवडते. अँचेलोत्तींनी वर्षभर दोघांना इकडून तिकडे सरकवून पाहिलं. एम्बापेने लीगमध्ये ३१ गोल केले, सगळ्यांत जास्त. आणि तरी त्या मोसमात माद्रिद बार्सिलोनाकडून चारही सामने हरलं, लीगही गेली. गोल करणारे हवे तितके होते. मागे उभं राहून त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणाऱ्या क्रोसच्या जागी कुणाला घेतलंच नव्हतं.